ओळखीचं गिऱ्हाईक

बर्निस यान्कोवियाक आमच्या शाळेच्या ऑफिसात होती. मी वर्गात शिकवायचे, ती खिडकीमागे बसून उशिरा आलेल्या मुलांना चिठ्ठ्या द्यायची. ती मुलं आता टक्कल पडलेले बाप्ये झालीत, तरी मिलवॉकीत मी कुठेही दिसले की मला हाक मारतात. बर्निस शेजारी उभी असली तर तिच्याकडे बघून हसतात, ते नुसतं सभ्यपणापुरतं. तिचा नवरा रे म्हणायचा, "आमची बर्निस बँक लुटून आली तरी पोलिसांना वर्णन कोण देणार?" सगळ्यांत जास्त हसायची तीच.

रे गेल्यावर या चेहऱ्याला काम मिळालं. विमानतळावरची दुकानं आणि खाण्याच्या जागा तपासायला एक एजन्सी गुप्त ग्राहक पाठवते. प्रवाशासारखं जायचं, खायचं, कोण कसं बोललं ते ध्यानात ठेवायचं आणि घरी येऊन कळवायचं. प्रवास करायचा नसला तरी आमच्याकडे दिवसाचा पास काढून आत जाता येतं. अट मोठी एकच. कोणी ओळखता कामा नये. ओळखलं, तर ती जागा आपल्यासाठी संपली.

बर्निस एक छोटी चाकांची बॅग ओढत जायची. "रिकामी बॅग चालीवरून कळते गं," ती म्हणायची, आणि ती खरोखर भरायची. एकदा मी तिच्या पलंगावर उघडी पडलेली बॅग पाहिली. बाहेर गावालगतच्या सरोवरावरून हाडं गोठवणारा वारा येत होता आणि बॅगेत तिचा सुती फ्रॉक, उन्हाची टोपी, नातवासाठी लाकडी ट्रक. तिचा मुलगा डेनिस फिनिक्सला असतो. वाळवंटात. दर रविवारी फोन करतो, मनाने वाईट नाही. "वसंतात ये, आई," म्हणतो. वसंत आला की घराचं काम निघतं, नाहीतर सुनेची आई आलेली असते.

मग सुपाच्या काउंटरवरच्या ओडेसाने पहिल्यांदा विचारलं, "कुठे निघालीस, बाळा?" तेव्हा बर्निसच्या तोंडून आपोआप आलं, "फिनिक्सला. मुलाकडे. नातवाला ट्रक घेऊन."

ओडेसा साठीची, दणकट, आवाजाने अख्खं दालन भरणारी. सत्तरीच्या बाईलाही बाळा म्हणणारी. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "आलीस? सुपातली गाजरं काढून टाकलीत बघ, तुला आवडत नाहीत ना. आणि नातू कसाय? ट्रक आवडला?"

"झोपताना उशाशी घेतो," बर्निस म्हणाली.

फिनिक्सच्या विमानाची घोषणा झाली की ती बॅग उचलायची. "चला, माझं विमान." विमानाच्या दरवाजापाशी रांगेच्या शेपटाला उभी राहायची, आणि ओडेसा पाठमोरी झाली की मागे फिरून बसने घरी.

हे सगळं तिने मला सांगितलं ते चर्चच्या तळघरात, शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला. पुढ्यातला मासा गार झाला होता.

"मग तुला ओळखलं ना तिने? कळवलंस का?"

"नाही कळवलं. दर वेळी लिहिते, कोणी ओळखलं नाही." ती काट्याने कोबी चिवडत राहिली. "अगं, त्या बाईच्या लेखी मी अशी आई आहे जी सारखी मुलाकडे जाते. सगळ्या गावात तिच्या एकटीच्या लेखी."

मी तिच्याकडे लिंबाची फोड सरकवली.

"आता वेगळीच पंचाईत झालीय," ती म्हणाली. "जेवणानंतर गोड हवं का, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायलाच पाहिजे, असा नियम आहे. ओडेसा मला विचारत नाही. पहिल्यांदाच मी सांगितलं होतं मला साखर चालत नाही. तिच्या ध्यानात आहे, म्हणून नाही विचारत. आणि मी घरी येऊन लिहिते, विचारलं नाही. परवा त्या पोरीला साहेबाने सगळ्यांसमोर झापलं."

"पोरगी? साठीची ना?"

"मग? मी बाळ, तर ती पोरगी." दोघी हसलो, पण तिचे डोळे हसले नाहीत.

"विचारलं म्हणून लिही. नोंद काय, तुझ्याच हातात आहे."

"मास्तरीणबाई, हे तुम्ही सांगताय?" ती म्हणाली. "ती आठवण ठेवते, आणि मी ते तसं लिहायचंसुद्धा नाही?"

त्याच संध्याकाळी तिने कळवून टाकलं. ही बाई मला पहिल्यापासून ओळखते, मला साखर चालत नाही हे लक्षात ठेवून गोडाचं विचारत नाही, आधीचे शेरेही त्याच कारणाने चुकीचे आहेत, ते काढून टाका. एजन्सीने शेरे काढले आणि बर्निसलाही काढलं. खोटं लिहिलं होतं, त्यामुळे एका काउंटरवरूनच नाही, सगळ्याच कामावरून.

पुढे बरेच दिवस ती विमानतळाकडे फिरकली नाही. लेंटचे, ईस्टरआधीच्या उपासाचे, दिवस संपत आले तेव्हा एकदा म्हणाली, "येतेस सोबत? एकटीला धीर होत नाही." दोघींनी दिवसाचे पास काढले. बॅग तिने बरोबर घेतली.

ओडेसाने लांबूनच हात केला. "हरवली होतीस कुठे? आणि ही कोण, बहीण? तुझ्यापेक्षा खडूस दिसते."

"मैत्रीण आहे. शाळेत शिकवायची."

"तरीच!" ती सूप वाढू लागली. गाजरं बाजूला काढून. "आज दोघी फिनिक्सला का?"

बर्निसने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "नाही. मी कुठेच चालले नाही, ओडेसा. कधीच गेले नव्हते. सूप प्यायला आलेय."

ओडेसाच्या हातातला डाव वाडग्यावर थांबला. "आणि मुलगा?"

"मुलगा आहे. तिकडेच आहे."

"ट्रक?"

बर्निसने बॅगेकडे पाहिलं. ओडेसानेही पाहिलं. मग तिने वाडगा पुढे सरकवला, बिस्किटांची पुडी ठेवली आणि कडेचं स्टूल पायाने ओढून दिलं. "बस मग नीट. इतके दिवस घाईघाईत प्यायलीस."

आम्ही बसलो. थोड्या वेळाने फिनिक्सच्या विमानाची घोषणा झाली. बर्निसचा हात सवयीने बॅगेच्या मुठीवर गेला. मान तिकडे वळली. उन्हाच्या टोप्या हातात घेतलेली माणसं उठून रांगेला लागत होती, आणि तिची नजर त्या रांगेच्या शेपटाशी, तिच्या नेहमीच्या जागेवर जाऊन थांबली. मूठ सुटेना.

"बाळा," ओडेसा हळू आवाजात म्हणाली. तिचा इतका हळू आवाज असेल असं वाटलं नव्हतं. "सूप निवतंय."