आधी चिंध्या आणा

"मशीन कुठं पळून नाही जाऊन राह्यली, भाऊ. आधी घरून चिंध्या आणा."

मलकापुरात शिलाई मशीनचं दुकान चालवणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी मला हे ऐकवलं आणि माझं डोकं सणकलं. मी एस.टी.त कंडक्टर, तेव्हा मलकापूरच्या गाडीवर. माणसांना खाली उतरवणं माझं काम. इथं हा गृहस्थ मलाच पायरीवरून उतरवत होता!

मला बायकोसाठी ओव्हरलॉक मशीन घ्यायची होती, कापडाच्या कडा बांधणारी. आमच्या धाड गावात घरीच ती ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस शिवते. आतल्या कडांच्या दशा सुटू नयेत म्हणून प्रत्येक कड कैचीनं सारखी करून सुईनं टाके घालत बसायची. अलीकडे तिला फार उशीर होऊ लागला होता. गावातल्या बायका कपडे बुलढाण्याला टाकू लागल्या. वीस वर्षं जमवलेलं काम हातातून चाललं होतं आणि ती गप्प होती. म्हटलं, गुपचूप मशीन आणून समोर ठेवू. तीही चार धाग्यांची, सगळ्यात मोठी. आळी बघायला आली पाहिजे!

"चार धाग्याची कारखान्याले लागते, टी-शर्ट शिवाले," म्हातारा म्हणाला. "वहिनी कोणतं कापड शिवतात?"

आता आली का पंचाईत! ब्लाउजचं कापड ते ब्लाउजचं कापड, मला काय ठाऊक?

तुम्ही म्हणाल, दुसरी दुकानं नव्हती का? होती की. पण विकायची घाई नसलेला दुकानदार मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढच्या फेरीला बायकोच्या मशीनखालची चिंध्यांची पिशवी तशीच उचलून नेली.

दुकानदारांनी चष्मा लावला आणि मेथी निवडावी तशा चिंध्या निवडल्या. "सुती... सुती... अस्तर... हे टेरिकॉट. तीन धाग्याची लहान मशीन बस झाली." मग दोन चिंध्या शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"ही तळातली, जुनी. कैची एका दमात गेली. ही वरची. पाहा, जागोजाग थांबली. वहिनीचा अंगठा दुखते काय हो?"

"छे! दुखला असता तर बोलली असती."

"तुम्ही इचारलं होतं काय?"

घरी येऊन विचारलं. तिनं उजवा हात पदराखाली घेतला. "कोणं सांगतलं तुम्हाले?" मग म्हणाली, "पाच महिने झाले. सांगतलं असतं तं शिवणं बंद कर म्हणले असते तुम्ही."

खोटं कशाला बोलू, तेच म्हटलं असतं. फार लाज वाटली मला.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मशीन दिली. "कडा ही सोताच कापते. मोठं कटिंग राह्यलं. खुणा वहिनी करतील, कापाल तुम्ही."

"मी?"

"मंग काय मी येऊ धाडले?"

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ओट्यावर कैची घेऊन मी बसतो. पहिल्याच दिवशी एका ब्लाउजची बाही वाया घालवली. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला दवाखान्यात नेलं, हाताला आराम मिळाला. बायका परत आल्या. यंदा शाळेचे ड्रेससुद्धा तिच्याकडेच आहेत. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मशीनपुरते नाहीत.

मधे माझी ड्युटी दुसऱ्या मार्गावर लागली. तेवढ्यात बायकोनं त्यांच्यासाठी बंडी शिवली. माप माझ्या अंदाजानं, कटिंगही माझं. दोघं मिळून मलकापूरला गेलो. शटर बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "काका गेले ना. महिना झाला."

बायको शटरसमोर उभी राहिली. "म्या त्यायले एकडाव बी पाह्यलं नाही," ती म्हणाली. "अन् माहा हात दुखते हे त्यायलेच दिसलं."

टोमणा नव्हता तो. लागला मात्र.

परतीच्या गाडीत मी तिचा उजवा हात हातात घेतला. कंडक्टर आमच्याच डेपोचा, ओळखीचा; टक लावून बघत होता.

"लोक पाहून राह्यले," ती पुटपुटली.

"पाहू दे," म्हटलं. बुलढाण्याला गाडी बदलेपर्यंत हात सोडला नाही.