पांढरे शेंडे

द्राक्षवेलीचा शेंडा खुडला की बगलफूट, म्हणजे बाजूच्या फांद्या, जोमानं येते. हे मला बापानं शिकवलं. आमचं गाव पेठ तालुक्यात. आठवीत शाळा सोडली आणि त्याच्या टोळीबरोबर दिंडोरीकडच्या बागांमध्ये छाटणीला जायला लागलो. त्यातल्याच एका बागमालकाची मुलगी म्हणजे ताई. घर शहरात, गंगापूर रोडला, पण ती राहते अंदमानात. पाहुण्यांना सिलिंडर लावून समुद्राखाली नेते, कोरल दाखवते. एकदा ती बागेत आली होती, तेव्हा विहिरीच्या तळाशी मोटरच्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह अडकला होता. मी बुडी मारून तो मोकळा केला. मी किती वेळ खाली राहतो, ते ती काठावरून हातातल्या घड्याळात बघत होती. मी वर आलो तशी म्हणाली, "माझ्याकडे येतोस कामाला?"

चोविसाव्या वर्षी मी विमानात बसलो ते तिच्यामुळे. डायव्हिंग तिनंच शिकवलं, मग मीही पाहुण्यांना खाली न्यायला लागलो. शिकवताना निम्मे शब्द इंग्रजी यायचे आणि शेवटी ती विचारायची, "समजलं ना?" मी म्हणायचो, "हो ताई." परत विचारलं तर हिला वाटेल, उगाच आणला याला. ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

समुद्राच्या तळाशी ताईनं लोखंडी टेबलं ठेवली आहेत. वादळात तुटलेले कोरलचे तुकडे गोळा करून ती त्यांवर बांधते, वाढवते, आणि मोठे झाले की खडकावर नेऊन लावते. दिसायला हरणाच्या शिंगांसारखे. एकदा ती आठवडाभर पोर्ट ब्लेअरला गेली. जाताना मला म्हणाली, "टेबलांवरचं शेवाळ ब्रशनं काढत जा. बाकीचं मागे सांगितलंय तसं. समजलं ना?"

"हो ताई."

शेवाळ काढताना मला दिसलं की प्रत्येक फांदीचं टोक पांढरं पडलंय. बागेत पांढरं दिसलं की बुरशीचा रोग. भुरी आली म्हणायची. आणि नुसती फांदी उंच जातेय, फुटवा नाही, हेही माझ्या डोळ्याला खटकलं. दोन दिवसांत सगळ्या टेबलांवरचे शेंडे मी कात्रीनं छाटून टाकले. वर आलो तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ताई आली की खूश होईल.

ताई आली, खाली गेली, वर आली. बोटीत तिनं मास्क काढला. मग म्हणाली, "सगळी टोकं गेली रे. तिथूनच वाढतं ते. पांढरं असतं म्हणजे नवीन असतं. तू रोज जात होतास, काही दिसलं नाही?"

मी म्हणालो, "मासा खात असंल, ताई. तो पोपटासारख्या चोचीचा."

तिनं लगेच विश्वास ठेवला. याचीच मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही टेबलांना जाळी बांधायला लागलो. चार दिवस. तारेनं तिची बोटं कापली, खाऱ्या पाण्यात ती जखम झोंबते. मी शेजारी गाठी मारत होतो. तो मासा येऊन आमच्याकडे बघायचा आणि ताई त्याला हातानं हाकलायची.

न राहवून मी बापाला फोन लावला. "छाटणी चुकली तर काय करायचं?"

"कुनाच्या बागंत?"

"ताईच्या."

"तिथं कशाची बाग रं?" तो हसला, मग थांबला. "लय चुकली का?"

"लय."

"मंग जाऊन सांग. नायतर मालक फवारीत बसंल, खत टाकीत बसंल, आन् रोगच नाय तिथं."

जाळीचं एक दिवसाचं काम उरलं होतं. बोटीत आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी सांगितलं. शेंडा, भुरी, कात्री, सगळं. ताई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं मी तुला हे. टोकाला हात लावायचा नाही म्हणून. तू हो म्हणालास."

"समजलं नव्हतं."

"मग हो कशाला म्हणालास?"

ती थांबली नाही. "आणखी काय काय समजलेलं नाहीये?"

मी सांगायला लागलो. आधी एक, मग दुसरं. हवेचा काटा किती खाली आला की पाहुण्याला वर आणायचं, ते मी तिचं बघून करत होतो. किती खोल किती वेळ राहायचं, तो तक्ता मला वाचताच येत नव्हता. मी बोलत गेलो तसा तिचा चेहरा उतरत गेला. शेंड्यांचं ऐकून तो इतका उतरला नव्हता. रोज दोन-तीन माणसं माझा हात धरून खाली जात होती, हे तेव्हा कुठं माझ्याही ध्यानात आलं.

"कुणी मेलं असतं रे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

मला वाटलं, आता गावचं तिकीट. तिनं हाकललं नाही, पण पाहुण्यांना घेऊन जाणं बंद केलं. आता मी सिलिंडर भरतो, बोट धुतो. दुपारी ती माझ्यासमोर बसून पहिल्या पानापासून मराठीतून शिकवते. "समजलं ना?" असं आता ती विचारत नाही. म्हणते, "सांग बघू, काय समजलं ते." मग मी अडखळत सांगतो, चुकतो, आणि मान वर न करता परत सांगतो.