पाटाची बायको

वाशीमच्या कोर्टात, भरल्या लोकांसमोर, सरकारी वकिलानं माझी ओळख वाचून दाखवली. "आरोपीची ठेवलेली बाई." मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. माझा नवरा आरोपीच्या पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तो शब्द मीच ओढवून घेतला होता. आमच्या गावच्या देशमुखाची कडब्याची गंजी जळाली. माझा नवरा त्याच्याकडे सालदार. आदल्याच दिवशी देशमुखानं त्याला चाबकानं फोडला होता, म्हणून संशय त्याच्यावर. जमादार चौकशीला आला. मला विचारलं, याच्याशी तुझं लग्न झालं का? मी म्हटलं, नाही. खरं तेच सांगितलं. आमच्यात लग्न म्हणजे पहिलं. ते बापानं लावून दिलं, मी नऊ वर्षांची असताना. तो नवरा पटकीनं गेला. मग याच्याशी पाट लागला, विधवेचा लागतो तसा. पाटाला आम्ही लग्न म्हणत नाही. जमादारानं पुढचं विचारलंच नाही, कागदावर 'ठेवलेली' लिहून मोकळा झाला. त्याला काय पाट माहीत नव्हता? चांगला माहीत होता.

मग देशमुखानं बोलावणं धाडलं. मला ओट्याखाली उन्हात उभं केलं आणि स्वतः पान लावत बसला. नवरा मार खाऊन घरी आला तेव्हा काय बोलला, तेवढं मी कोर्टात सांगायचं होतं.

"तू काय त्याची बायको हायेस? सांगून मोकळी होय. एक मेला, दुसरा केला, आता तिसरा पाहाशीन."

देशमुखांच्यात पाट लागत नाही. त्यांच्या विधवा जन्मभर आतल्या खोलीत बसतात, म्हणून ते मोठे. आणि मी? मी "जी मालक" म्हणाले. त्याची लाज मला आजही वाटते.

कोर्टात तो शब्द वाचला गेला त्या दुपारी मॅजिस्ट्रेट साहेब जेवायला उठले. बाहेर लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहून देणारे एक म्हातारे अर्जनवीस बसले होते. सकाळी ते आत होते, हसले नव्हते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाई, नवरा घरात बायकोजवळ जे बोलला, ते कोर्ट तिच्याकून काढून घेऊ शकत नाही. कायदा हाये. पन ठेवलेलीले तो कायदा नाही."

तेव्हा कळलं, जमादाराला तो शब्द इतका का आवडला.

दुपारनंतर मला साक्षीला उभं केलं. वकिलानं विचारलं, आरोपी त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाला? सांगत नाही, म्हटलं. साहेब चिडले, साक्षीदाराला उत्तर द्यावंच लागेल म्हणाले. देशमुख समोरच बसला होता. मी त्याच्याकडेच पाहून बोलले.

"लग्न माह्या बापानं लावलं होतं. पाट मी लावला. रिठद गावचे जातीचे पाच पंच बसले होते, त्याईले बोलवा. मी याची बायको आहो. घरातलं बोलनं सांगनार नाई."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी पुस्तक चाळलं. कायद्यात नवऱ्याची परवानगी लागते, म्हणून माझ्या नवऱ्याला विचारलं, हिनं सांगितलेलं चालेल का? त्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि नाही म्हणाला. साहेबांनी कारकुनाला 'ठेवलेली' खोडून 'बायको' लिहायला लावलं.

तेवढ्यानं नवरा सुटला नाही. देशमुखाचे दोन गडी शपथेवर खोटं बोलले. सक्तमजुरी झाली. तो तुरुंगातच मेला.

लोक अजून विचारतात, खरंच काही बोलला होता का तो? विचारणाऱ्यांत त्याचा सख्खा भाऊही असतो. तुमच्याही मनात तेच असेल. मेलेल्या माणसाची परवानगी आणा, मग बोलू.

यंदा माझी लेक विधवा झाली. अठरा वर्षांची. तिच्यासाठी माणूस पाहिला आहे. पाट अंधारात लावतात, गावाबाहेर, सवाशणींच्या नजरेला पडू नये म्हणून. माझाही तसाच लागला होता. तोंड लपवून घरी आले होते मी. लेकीचा तसा लागणार नाही. भरदुपारी लागेल, वाजंत्री लावून, देशमुखाच्या दारासमोर. पंचांना सांगून ठेवलं आहे. आले तर बरं. नाही आले तर मी एकटी लावीन.