कार्डावरचा ओ

वर्णन : पुरुष. वय वर्षे बेचाळीस. उंची पाच फूट चार इंच. बांधा मध्यम. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर जुना व्रण. हुद्दा, छतक्रेन चालक, प्रथम श्रेणी. रक्तगट, ओ पॉझिटिव्ह. सदर कर्मचारी वीस टनांपर्यंतचा भार उचलण्यास, वाहण्यास व नियोजित स्थळी ठेवण्यास प्राधिकृत असून त्याने प्रस्तुत ओळखपत्र कामाच्या वेळी छातीवर, दर्शनी बाजू बाहेर राहील अशा रीतीने धारण करावयाचे आहे. खाली सही, सहीवर शिक्का, शिक्क्यावर चहाचा डाग. वीस टनांसाठी प्राधिकृत असलेला हा इसम घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढत नाही. ते काम बायको करते.

कारखान्यात त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांच्याहून सात वर्षांनी मोठा असलेला वॉचमनही काकाच म्हणतो. कारखाना लोखंडी रोलर बनवतो, एकेक रोलर लहानशा खोलीएवढा. शेडच्या छताखाली रुळांवर क्रेन फिरते आणि क्रेनच्या पोटाशी लटकलेल्या काचेच्या केबिनमध्ये, जमिनीपासून पस्तीस फुटांवर, काका बसलेले असतात. स्टुलाला घाबरणारा माणूस तिथे कसा बसतो, असं विचारलं तर ते म्हणतात, "तिथे दार लावता येतं."

खाली लेथ आणि ग्राइंडर यांचा असा गोंगाट असतो की शब्द वर पोचत नाही, पोचतो तो नुसता सूर. म्हणून शेडची एक रीत आहे. खालचा माणूस रोलरला साखळ्या अडकवतो, हात बाजूला घेतो आणि वर तोंड करून हाक मारतो. वरून काका ओ देतात. ओ ऐकली की खालच्याने तीन पावलं मागे व्हायचं, मग हूक वर जातो. हाकेशिवाय ओ नाही, ओशिवाय हूक नाही. तेवीस वर्षं ओ देऊन काकांचा गळा तसा घडलाय. घरी बायकोने स्वयंपाकघरातून "अहो" म्हटलं तरी ते अशी ओ देतात की शेजारचे दार उघडून बघतात.

एकुलती एक मुलगी एकोणीस वर्षांची. ती प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स करते. पहिल्याच वर्षी, एका शनिवारी संध्याकाळी, ती चपला न काढताच घरात शिरली.

"बाबा, आज आम्ही एकमेकांचे रक्तगट काढले. अख्ख्या वर्गात मी एकटीच एबी!"

"म्हणजे पास ना?" काकांनी विचारलं.

"अहो, हे मार्क नाहीत. दुर्मीळ आहे मी."

"ते आम्हाला वीजबिलावरून कळतंच," शिलाई मशीनवरून आई म्हणाली. ती घरी शाळांचे गणवेश शिवते आणि मान वर न करता बोलते.

"हसा. आता घरच्यांचा तक्ता करायचाय, दहा मार्कांना. सरांनी परवानगी दिलीय, थर्मासमध्ये बर्फ घालून औषधाच्या बाटल्या आणल्यात. उद्या सकाळी तुमची दोघांची बोटं टोचणार."

"माझा गट आहे कार्डावर."

"कार्डाला विचारलंय कोण? सर म्हणतात, कागदावर विश्वास ठेवायचा नाही, थेंबावर ठेवायचा," असं म्हणून ती हातपाय धुवायला गेली.

तिचं पुस्तक टेबलावर उघडं पडलं होतं. काकांनी ते कौतुकाने उचललं. आपला ओ त्यात कुठे छापलाय का हे पाहावं, इतकाच हेतू. छापला होता. एक तक्ता होता. डावीकडे आईचा गट, वर बापाचा गट, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे मुलाचे शक्य असलेले गट. बायकोचा गट ए. तो बाळंतपणाच्या फायलीवर लाल शाईने लिहिलेला होता आणि काकांना पाठ होता. त्यांनी ए वर एक बोट ठेवलं, ओ वर दुसरं, आणि दोन्ही बोटं सरकवत एका चौकटीत आणली. चौकटीत लिहिलं होतं : ए किंवा ओ.

त्यांनी बोटं परत मूळ जागी नेली आणि पुन्हा सरकवली. चौकट तीच आली. मग त्यांनी ओ खालचा अख्खा रकाना वाचून काढला. बाप ओ असेल तर आई कुणीही असो, एबी कुठेच नव्हता.

 त्या क्षणी त्यांना एकोणीस वर्षांपूर्वीची नर्स आठवली. प्रसूतिगृहातली खोली, अकरा पाळणे, प्रत्येक बाळाच्या मनगटाला नंबराची पट्टी. बाळाला अंघोळ घालून आणून देताना नर्स हसत म्हणाली होती, "पट्टी सुटली होती हो, परत बांधलीय. घाबरू नका." त्या वेळी घाबरायचं काही कारण आहे हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते राहिलेलं घाबरणं आता एकोणीस वर्षांच्या व्याजासकट एकदम आलं.

म्हणजे ही आपली नाही. पाळणे बदलले. कुठेतरी कुणी एबीचे हक्कदार आईबाप आहेत. उद्या बोट टोचलं की थेंब बोलणार, पोरीला कळणार, आणि हुशार पोरगी आहे, शोधून काढणार. मग ते लोक येणार. काकांनी ते लोक डोळ्यांपुढे आणून पाहिले. दोघेही उंच होते.

त्यांनी गळ्यातलं कार्ड शर्टाच्या आत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी, रविवार असून, पहाटेच ओव्हरटाइमला गेले. ओव्हरटाइम कुणी मागितला नव्हता. बाटल्या सोमवारी परत द्यायच्या होत्या, म्हणून मुलीने आईचं बोट टोचलं आणि बापाला पुढच्या शनिवारची तारीख दिली.

काकांचा तो आठवडा असा गेला. गेटवर वॉचमन रोज म्हणायचा, "काका, कार्ड बाहेर," आणि काका ते तेवढ्यापुरतं उलटं बाहेर काढायचे. सकाळी दाढी करताना आरशात नाक न्याहाळायचे, मग मुलगी चहा पिताना तिचं. "नाक अगदी आमच्या आईचं," हे वाक्य त्यांनी एकोणीस वर्षं ज्याला त्याला ऐकवलं होतं. आता पाहावं तर ते नुसतंच एक नाक होतं. कुणाचंही असू शकेल असं. बसथांब्यावर एका बाईबरोबर मुलीच्याच वयाची एक बुटकी मुलगी दिसली, उजवी भुवई जरा वर चढलेली, तर काकांनी बस सोडली आणि त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत तिथेच उभे राहिले. ही तर नव्हे आपली? आणि असली तरी हिला घरी नेऊन करायचं काय? त्यांना नवी मुलगी नको होती. होती तीच हवी होती.

बुधवारी ते कारखान्याच्या दवाखान्यात गेले. तिथला कंपाउंडर डोकेदुखीला आणि पोटदुखीला एकच गोळी देतो आणि सल्ला फुकट देतो.

"एका माणसाची गोष्ट आहे," काका म्हणाले.

"असतेच," कंपाउंडर म्हणाला.

"माणूस ओ. बायको ए. पोरगी एबी निघाली. असं होतं का कधी?"

"होत नाही."

"कधीच नाही?"

"अहो, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पोरगी दुसऱ्याची."

"दुसऱ्याची म्हणजे कुणाची?"

कंपाउंडरने डोळे मिचकावले. "ते त्या माणसाने बायकोला विचारावं."

काकांना हे पटलं. बायकोला ठाऊक असणारच, ती चार दिवस तिथे पडून होती. त्याच संध्याकाळी मुलगी घरात नाही असं बघून त्यांनी विचारलं, "अगं, हिच्या वेळी शेजारच्या खाटेवर कोण होतं गं?"

मशीन थांबलं. "का?"

"सहज."

"एकोणीस वर्षांनी सहज?"

"उंच होती का?"

 बायको "आठवत नाही" म्हणाली आणि पायडल मारायला लागली. त्या दिवशी तिने एका गणवेशाला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. काकांच्या हे लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी शेडमध्ये ते घडलं. चौदा टनांचा रोलर लेथवरून उचलायचा होता. खालचा माणूस दुसरी साखळी अडकवत होता, आणि वर काकांच्या डोक्यात ते उंच नवराबायको जिना चढत होते. खाली कुठेतरी कुणीतरी खोकलं की ओरडलं, आणि काकांनी ओ दिली. हाक नसताना. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. आणि त्यांचा हात हूक वर नेणाऱ्या दांड्यावर गेला.

साखळी ताणली गेल्याचा कचकन आवाज झाला. काकांनी दांडा सोडला. खालच्या माणसाचा हातमोजा साखळी आणि रोलर यांच्यामध्ये चेपून बसला होता. मोज्यात हात नव्हता, तो त्याने वेळेवर उपसून काढला होता आणि दुसऱ्या हाताने धरून बोटं मोजत होता.

"काका! मी हाकच नव्हती मारली!"

शेडमधला गोंगाट थांबला होता, त्यामुळे या वेळी शब्द नीट वर पोचले. काका शिडी उतरले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, उलटा-पालटा करून पाहिला आणि फोरमनला सांगितलं, "आजच्या दिवस दुसऱ्याला बसवा."

दुपारी दोनला ते घरी आले, संध्याकाळी मुलगी पुन्हा थर्मास घेऊन आली तशी तिच्यासमोर बसले आणि बोट पुढे केलं. आपली भीती दुसऱ्याच्या बोटांवर जायला लागली, आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"आज शहाण्यासारखे आलात," मुलगी म्हणाली. "बघू नका इकडे. भिंतीवर घड्याळ आहे, ते बघा."

काकांनी घड्याळ पाहिलं. सुई टोचली ते कळलंही नाही. काचेच्या पट्टीवर तीन थेंब, त्यांत तीन औषधं, एक निळं, एक पिवळं, एक पाण्यासारखं. मुलगी काडीने ढवळत होती. मशीन केव्हाचं थांबलं होतं. बायको सुईत दोरा ओवत होती, ओवलेला काढून पुन्हा ओवत होती.

"पहिला तसाच," मुलगी म्हणाली.

काकांनी डोळे मिटले.

"दुसरा… थांबा… फाटला. दूध नासल्यासारख्या गुठळ्या झाल्या बघा. तिसराही. बी पॉझिटिव्ह."

"ओ नाही?"

"ओ कुठला? ओ असतात तर मी एबी कशी झाले असते? माझा बी आला कुठून, तुमच्याकडूनच ना?"

काकांनी शर्टातून कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने ते वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

काका रडत होते. मुलीला वाटलं, बोट दुखतंय. तिने कापूस दाबून धरला आणि म्हणाली, "इतके घाबरट असाल असं नव्हतं वाटलं हं बाबा."

हे कुणी लिहिलं, ते सोमवारी कळलं. कार्ड छापली त्या वर्षी टाइमकीपर वही घेऊन शेडभर फिरला होता. तोच टाइमकीपर अजून त्याच खुर्चीवर होता. त्याने जुनी वही काढून बोट ठेवलं.

"हे बघा. तुम्हीच सांगितलंत."

"मी काय सांगितलं?"

"मी खालून ओरडलो, 'काका, रक्तगट?' तुम्ही म्हणालात, ओ. मी म्हटलं, 'पॉझिटिव्ह का?' तुम्ही म्हणालात, ओ, ओ!"

"अहो, मी ओ दिली! मला वाटलं, हाक मारताय."

टाइमकीपरने चष्मा पुसला, वहीचं पान मागेपुढे केलं आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "म्हणूनच होय. मी इतकी वर्षं म्हणतोय, चारही क्रेनवाले ओ कसे." पण दुरुस्तीसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला आणि तीन प्रतींत अर्ज लागेल, पोरीची काचपट्टी चालणार नाही, हे त्याने लगेच मोठ्या आवाजात सांगितलं.

संध्याकाळी काकांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. नर्स, पट्टी, उंच नवराबायको, बसथांबा, मोजा. शेवटी टाइमकीपर. ते इतके हसले की ठसका लागला. बायको हसली नाही.

"तुम्हाला इतकंच वाटलं?" तिने विचारलं. "पाळणे बदलले?"

"मग आणखी काय वाटायचं? मी तर कंपाउंडरलाही विचारलं."

"तो काय म्हणाला?"

"तो म्हणाला, दुसऱ्याची आहे. कुणाची, ते बायकोला विचा…"

काका थांबले. हे वाक्य त्यांनी बुधवारी कानांनी ऐकलं होतं. आज ते पहिल्यांदा कळलं.

"तक्ता मीही वाचला होता," बायको म्हणाली. "त्याच रात्री. पोरगी झोपायला गेली तेव्हाही पुस्तक टेबलावर उघडंच होतं."

"अगं, पण तू कशाला घाबरायचं? तुला तर ठाऊक होतं ना?"

"ठाऊक मला होतं. कार्ड तुमच्या गळ्यात होतं."

  बायको उठली, शिलाई मशीनच्या खालून एक पिशवी ओढून काढली आणि तिच्यातले दोन जोड कपडे व बाळंतपणाची फाइल परत कपाटात ठेवली.