उलट्या सिंहांचा रुपया

चलनातलं एकही नाणं डोळे मिटून खिशात टाकू नये, असं मानणारा माणूस अख्ख्या देशात एकच असावा, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. माझं लग्न झालं तेव्हा आमच्या वसईच्या ब्लॉकचा ताबा बिल्डर ‘पुढच्या महिन्यात’ देणार होता. तोवर तात्पुरते म्हणून आम्ही नवऱ्याच्या मामांकडे विरारजवळ चंदनसारला राहायला गेलो आणि ते तात्पुरतं सव्वा वर्ष टिकलं. सासरी जाताना आईने मला स्वयंपाकाबद्दल, कपड्यांबद्दल, बोलण्याचालण्याबद्दल सगळं बजावून पाठवलं होतं. पहिल्याच संध्याकाळी मामा माझ्या तळहातावर दोन रुपये ठेवून ‘यातला कुठला बनावट, सांगा सूनबाई’ असं विचारतील, हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी घाबरून दोन्ही खरे म्हटलं. मामांनी असा सुस्कारा सोडला की भाच्याने लग्नाची घाईच केली असं मला वाटून गेलं.

मामांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग आणि दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक असायचं. त्यांना नाणी जमवायचा नाद होता, पण धड नाणी नव्हेत. टांकसाळीत ज्यांच्यात चूक झाली तेवढीच त्यांना हवी असत. ठसा एका बाजूला सरकलेलं, कडेचा लचका निघालेलं, दोनदा छापलं गेलेलं. अशा चुकलेल्या नाण्यांना हौशी लोक किंमत देतात, म्हणून लबाड लोक धडधाकट नाण्याला कानस मारून चुका तयार करतात. मामांचं सगळं आयुष्य या दोहोंतला फरक ओळखण्यात चाललं होतं. एसटीत कंडक्टरने सुटे दिले की ते भिंग काढत आणि मागच्या माणसाचं तिकीट खोळंबे. दूधवाल्याचे सुटे ते लादीवर टाकून आवाज ऐकत, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघून ‘आलं दूध’ म्हणत. मामींचं एकच म्हणणं होतं, “अहो, मला बघायला आलात तेव्हा हे भिंग कुठे होतं?” त्यावर मामा गंभीरपणे सांगत की तेव्हा ते घेतलेलं नव्हतं.

त्या घरात नाण्यांबाबत एकच नियम होता, नाण्याला पाणी लावायचं नाही. खऱ्या चुकीचा पुरावा म्हणजे टांकसाळीच्या दाबाने अक्षरांच्या कडेला राहिलेली बारीक झळाळी. ती एकदा घासली गेली की खरं आणि खोटं दोन्ही सारखंच दिसतं. हा नियम मला जेवताना, चहाला आणि येताजाता इतक्यांदा ऐकवला गेला की मी नाण्यांच्या डब्याजवळून जाताना हात पुसून जायची.

गणपतीनंतर विरारच्या बाजारात वटारच्या एका केळीवालीने मामांना सुटे दिले आणि नेहमीप्रमाणे मामांनी भिंग लावलं. ते काही खाली येईना. केळीवाली कावली. “मामा, तुमी रुपया बगता का सून पसंत करता? माजी केली उनात काली पडली!” सून शेजारीच पिशवी धरून उभी होती. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. तो जुना, जाडजूड रुपया होता. एका बाजूला नेहमीचे सिंह, आणि दुसऱ्या बाजूला आकडा असायचा तिथेही सिंहच, पण उलटे आणि आत खोल गेलेले. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्या नाण्यावर असा उलटा ठसा उठतो, आणि अशी चूक लाखांत एखादी. पण दोन नाणी वर्कशॉपातल्या वाईसच्या लोखंडी जबड्यात घालून करकचून आवळली, तरी साधारण असंच काहीतरी तयार होतं.

तिथून घरात काळजीने मुक्काम ठोकला. मामा सकाळी म्हणत खरा आहे, दुपारी म्हणत बनावट आहे, आणि रात्री दिवा लावून पुन्हा भिंग घेऊन बसत. मुंबईला दर महिन्याला नाण्यांच्या दर्दी लोकांची बैठक भरायची. तिथे मामांनी मोठ्या हौशीने नेलेली नाणी दोनदा बनावट निघाली होती, आणि कुणीतरी ‘विरारचा माल’ म्हणून हसलं होतं. मामा ते विसरले नव्हते. “हाही खोटा निघाला ना, सूनबाई,” ते मला एकदा हळूच म्हणाले, “तर माझी नजरच खोटी. मग काय उरलं?” त्यांचं जेवण कमी झालं. सराफाच्या काट्यावर त्यांनी रुपया इतक्यांदा तोलला की सराफ त्यांना लांबून बघून शटर ओढायला लागला. मलाही तो रुपया स्वप्नात दिसायचा. अखेर त्या बैठकीतले सर्वांत जाणकार गृहस्थ मेहुणीकडे फराळाला विरारला येणार होते, ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चार वाजता डोकावतो म्हणाले.

माझी ती सासरची पहिली दिवाळी. मामी करंज्यांत गुंतल्या होत्या. सकाळीच त्यांनी मला सांगितलं, “पूजेचं सगळं चिंचेने लख्ख काढ गं.” मी देव्हारा रिकामा केला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, निरांजन, आणि अन्नपूर्णेच्या पायाशी एक काळवंडलेला रुपया. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायचा रुपया आमच्या माहेरीही देव्हाऱ्यातच असायचा. मामांची नाणी डब्यात असतात, हा तर देवाचा, असं समजून, उलटून नीटही न बघता, मी तो चिंचेत बुडवला, वर राख घेतली आणि काथ्याने मन लावून घासला. पहिल्या दिवाळीला कुणी नाव ठेवायला नको म्हणून जरा जास्तच घासला.

मामांचा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता. पण आदल्या रात्री राहवेना म्हणून त्यांनी रुपया गुपचूप देवापुढे ठेवला होता. आंघोळ करून ते देव्हाऱ्याशी आले आणि ताटात चकाकणाऱ्या रुपयाकडे बघत उभे राहिले. मी मागे वळले, त्यांचा चेहरा पाहिला, आणि सगळं कळलं. त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, काहीतरी करावं असं मला वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, “छान निघालेत देव.”

चार वाजेपर्यंतचे ते तास मी कसे काढले, मलाच ठाऊक. ते गृहस्थ आले, त्यांनी स्वतःचं भिंग काढलं आणि खूप वेळ रुपया फिरवून पाहिला. मग त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “हे कुणी धुतलं?”

मी तोंड उघडलं. माझ्याआधी मामा म्हणाले, “मी.”

“तुम्ही? इतकी वर्षं नाणी बघता आणि शेंबड्या पोरासारखं घासून बसलात? आता हे खरं की खोटं, कोण सांगणार?”

“चुकलं माझं,” मामा म्हणाले आणि त्यांनी करंज्यांची बशी पुढे केली. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून रडले. त्यानंतर मामा त्या बैठकीला कधी गेले नाहीत. मला त्यांनी त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही, आणि त्या घरात होते तोवर मीही परत त्या देव्हाऱ्याला हात लावला नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिंग लावून लोकांना छळणारे मामा मला आठवतातच, पण जास्त आठवते ती पुढची दिवाळी. आम्ही तोवर वसईला राहायला आलो होतो. दोन दिवस आधी मामा स्वतः एसटीने आले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, “लक्ष्मीपूजनाला सकाळीच या. देव घासायचेत.” मी गेले. देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या पायाशी तोच रुपया होता, वर्षभरात पुन्हा काळवंडलेला. मी तो उचलून फडक्यावर बाजूला ठेवला. मामा दारातच उभे होते.

“तोही घ्या, सूनबाई,” ते म्हणाले. “तुमच्या हाताने चांगला निघतो.”

मी रुपया चिंचेत टाकला. डोळ्यांतलं पाणी पुसायला माझे हात मोकळे नव्हते.