ते एकदा, आम्ही दोनदा

फ्रेंच शिकायला आलेल्याच्या हातात मुस्यू गुरुजी पहिल्या दिवशी पुस्तक देत नसत, पाण्याचा तांब्या देत. मोरीवर उभं करत आणि म्हणत, "गुळण्या कर." घशात पाणी घोळवताना जी खरखर होते तोच फ्रेंच माणसाचा 'र', असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या वर्गात ओझरच्या विमान कारखान्यातले दोन इंजिनियर होते, चाळिशी ओलांडलेले, कडक इस्त्रीच्या शर्टातले. तेही निमूटपणे रांग लावून गुळण्या करत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, इथे घशाचा दवाखाना आहे.

गुरुजी मूळचे रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. सकाळी सोवळं नेसून घाटावर पिंडदान, अस्थिविसर्जन, संकल्प. आणि दुपारी चारला बुशशर्ट घालून घरच्या पुढच्या खोलीत फ्रेंच. कपाळावरचं गंध दोन्हीकडे तेच. मुस्यू म्हणजे फ्रेंचमध्ये महाशय. हे नाव आधीच्या कुठल्यातरी बॅचने ठेवलेलं, आणि गुरुजींना ते मनातून आवडायचं. 'मुस्यू' एवढंच म्हटलं तर मात्र ते वर बघत नसत. गुरुजी म्हटलंच पाहिजे.

ते फ्रेंच शिकले कसे, याची कथा त्यांनी आम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. त्यांच्या विशीत एक फ्रेंच बाई पंचवटीत येऊन वर्षभर राहिली होती. जुन्या वह्यांमधली मोडी लिपी तिला शिकायची होती. गुरुजींच्या वडिलांनी हे काम मुलाच्या गळ्यात घातलं. रोज तासभर हा तिला मोडी शिकवी आणि पुढचा तासभर ती याला फ्रेंच. ती परत गेली, पण यांचं वेड गेलं नाही. मुंबईला जाऊन परीक्षा दिल्या, सगळ्या पहिल्या फटक्यात. पुढे बाईने तिकडे दोन वर्षं कामाला बोलावलं, तर गेले नाहीत.

"का नाही गेलात?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "अगं, यजमान तीस-तीस वर्षांनी येतो. नेमका तेव्हा मी जागेवर नसलो, तर त्याला त्याचा आजा कोण दाखवणार?"

आजा दाखवायचा म्हणजे वहीत. तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या घराण्यांच्या नामावळ्या असतात. घाटावर आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने नाव, गाव, बाप, भाऊ, मुलगे आणि कशासाठी आलो ते लिहायचं. पिढ्यानपिढ्या. मी गुरुजींना पहिल्यांदा पाहिलं ते या वहीपाशीच. आजोबा गेले तेव्हा आम्ही चांदवडहून अस्थी घेऊन आलो होतो. मी सोळा वर्षांची. गुरुजींनी लाल कापडातली लांबलचक वही सोडली आणि माझ्या पणजोबांची वेडीवाकडी सही आमच्यासमोर धरली. वडिलांनी लिहिलं, दादाने लिहिलं. मी हात पुढे केला तर चुलते, आण्णा, म्हणाले, "पोरींचं नाव सासरच्या वहीत असतंय. चल, व्हय बाजूला."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. तेवढ्यात दोन गोरे पाहुणे घाटावर वाट चुकून आले आणि हे सोवळ्यातले गुरुजी त्यांच्याशी घडाघडा फ्रेंच बोलायला लागले. माझा राग जागच्या जागी विरला. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. बोलणं संपल्यावर गुरुजींनी माझ्याकडे पाहून विचारलं, "शिकायचंय?" बारावीनंतर मी नाशिकला कॉलेजात आले, हॉस्टेलवर सामान टाकलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मोरीवर उभी राहिले.

शिकवण्याची त्यांची रीत एकच, संथा. वेद जसे शिकवतात तसं. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. "ज स्वी, त्यू ए, इल ए," ते हात वर-खाली करत म्हणत, म्हणजे मी आहे, तू आहेस, तो आहे, आणि आम्ही पंधरा जण माना हलवत दोनदा. "नू सोम, वू झेत, इल सों." पुन्हा दोनदा. कोणी एकदाच म्हणून थांबलं तर ते डोळे मिटून बसत, पुढे जातच नसत. शिष्याच्या दोनांतलं पहिलं म्हणणं गुरूचं असतं, दुसरं आपलं, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटे.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला फ्रान्समधल्या एका बंदराच्या गावात मला प्रवेश मिळाला. फ्रेंच आणि आंतरराष्ट्रीय व्यापार, असा दोन वर्षांचा अभ्यास. पत्र घेऊन मी चांदवडला गेले आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. वडील कांद्याचे व्यापारी. माणूस प्रेमळ, पण नाही म्हणजे नाही. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी गुरुजी एसटीने आले आणि थेट खळ्यावर, कांद्याच्या ढिगाशी जाऊन उभे राहिले.

वडिलांनी त्यांना खुर्ची दिली आणि हात जोडून विचारलं, "गुरुजी, पोरगी समुद्रापल्याड चालली. तुमच्या शास्त्रात बसतं का हे?"

"निवृत्तीराव, तुमचा कांदा दुबईला जातो. त्याने कधी प्रायश्चित्त घेतलं?"

हमाल हसले. वडील हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "कांदा माघारी येत नाय, गुरुजी."

गुरुजींनी उपरण्याने चेहरा पुसला आणि म्हणाले, "ही येईल. माझ्या वहीवर सांगतो." गुरुजी कधी शपथ घेत नसत. वडिलांना ते माहीत होतं. ते उठून आत गेले आणि आईला म्हणाले, "पोरीला थंडीचं काय लागंल ते बघ."

फ्रान्समध्ये माझी पहिली फजिती पावाच्या दुकानात झाली. गुरुजींचं फ्रेंच त्या बाईंकडून आणि जुन्या पुस्तकांतून आलेलं. त्यामुळे 'आपण कृपावंत होऊन मला एक पाव देण्याची तसदी घ्याल का' अशा थाटात मी बोलले, आणि दुकानदारीण काउंटरमागून बाहेर येऊन मला न्याहाळत राहिली. तोंडी परीक्षेत क्रियापदं म्हणताना माझा हात आपोआप वर-खाली व्हायला लागला. परीक्षकाने विचारलं, हे काय? मी सांगितलं, आमच्याकडे असंच शिकवतात. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, आणि गुण मात्र चांगले दिले.

व्यापार शिकले तोही गुरुजींकडूनच, असं मी आजही म्हणते. "समोरच्याचं कूळ आधी विचार, माल नंतर दाखव," असं ते म्हणायचे. आम्हाला प्रत्यक्ष कामासाठी कंपनी शोधायची होती. फळं-भाजी आयात करणाऱ्या एका तुसड्या म्हाताऱ्याकडे मी गेले आणि कामाचं काही न बोलता विचारलं, तुमचे आजोबा कुठल्या गावचे? तो आधी चकित झाला, मग तासभर बोलला. वर्गातल्या हुशार पोरांना त्याने दारातून परत पाठवलं होतं. मला घेतलं.

दर पंधरा दिवसांनी मी गुरुजींना फ्रेंचमध्ये पत्र लिहायचे. उत्तर म्हणून माझंच पत्र परत यायचं, लाल शाईने रंगलेलं, आणि खाली एक ओळ: 'दोनदा लिहून काढ.' मी चिडायचे, आणि लिहून काढायचे.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत वडील गेले. खळ्यावर बसल्याजागी. दादाचा फोन हॉस्टेलच्या ऑफिसात आला. माझा राहण्याचा परवाना तेव्हा नूतनीकरणाला दिलेला. तो हातात नसताना देश सोडला असता तर परत शिरता आलं नसतं, परीक्षा तीन महिन्यांवर. आई म्हणाली, "येऊ नको. त्यांनी शिकायला धाडलंय तुला." मी गेले नाही. आईने सांगितलं म्हणून, असं मी लोकांना सांगत आले. खरं तर मलाच परीक्षा सोडवेना. हे मी कुणाला बोलले नव्हते, इथे लिहिते आहे.

त्या आठवड्यात मी गुरुजींना मराठीत पत्र लिहिलं. पहिल्यांदाच. बाप गेला तरी पोरगी आली नाही, असं गाव म्हणतंय, आणि गावाचं बरोबर आहे, असं लिहिलं. उत्तर आलं तेही मराठीत, काळ्या शाईत. 'तुझ्या वडिलांना मी शब्द दिला आहे. ते गेले म्हणून शब्द गेला नाही. घाई नाही. मी जागेवर आहे.'

एवढंच. मी ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. परीक्षा झाली, त्या म्हाताऱ्याने मला कामावर ठेवून घेतलं आणि मी राहून गेले. घाई नाही म्हणताहेत ना, मग नाही. आईशी फोनवर बोलायचे, पण चांदवडच्या घरात पाऊल टाकायची हिंमत होत नव्हती. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वर्षी दादाने फोनवर सहज सांगितलं की गुरुजींना डोळ्यांनी कमी दिसतं आता, तरी रोज घाटावर येऊन बसतात. वर्ग बंद केला, बसणं नाही. आम्हा दूर गेलेल्या लोकांसाठी कुणीतरी जागचं हलत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. महिन्याभरात मी कामाचा राजीनामा दिला.

नाशिकला उतरल्यावर चांदवडच्या गाडीत न बसता मी आधी रामकुंडावर गेले. सकाळचे नऊ वाजले असतील. गुरुजी आपल्या छत्रीखाली बसले होते. वाळले होते. मी पाया पडले आणि शिकवलेल्या थाटात म्हटलं, "बोंजूर, गुरुजी."

त्यांनी मान तिरकी केली. "र नीट झालाय," म्हणाले. मग काही न विचारता पुतण्याला हाक मारून वही मागवली. लाल कापड सोडलं, बोटाने चाचपत पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

आमचं घराणं. पणजोबांची सही, आजोबा, वडील. त्याखाली दादाचं अक्षर: 'वडील निवृत्ती यांच्या अस्थी घेऊन आलो.' त्याखाली आण्णांची सही. आणि दोघांच्या मध्ये एक रेघ मोकळी. त्या रेघेच्या कडेला पेन्सिलीने, गुरुजींच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'येणार आहे.'

दादाने नंतर सांगितलं, की त्या दिवशी आण्णा त्या रेघेवर सही करायला लागले तेव्हा गुरुजींनी वहीवर तळहात ठेवला होता. आण्णा म्हणाले, पोरीचं नाव वहीत कुठं असतं का? गुरुजी म्हणाले, "वही माझी आहे. खाली लिहा."

गुरुजींनी पेन पुढे केलं. मी नाव लिहिलं, वडिलांचं नाव, गाव. कशासाठी आलो, तिथे अडले. "काय लिहू?" असं विचारलं.

"घरी आले, एवढं लिही."

लिहिलं. पेन्सिलीचे शब्द खोडायला मी रबर मागितलं, तर ते म्हणाले, राहू देत, खरंच होतं ते. मग त्यांनी वही डोळ्यांच्या अगदी जवळ नेली आणि संथेच्या सुरात, हात वर-खाली करत वाचलं, "शोभा निवृत्ती गांगुर्डे, चांदवड. घरी आले." आणि डोळे मिटून थांबले.

मला कळलं. गुरुजी तसेच बसून राहिले. घाटावर कुणाचे तरी मंत्र चालले होते, बायका कपडे पिळत होत्या. मी पाण्याकडे बघितलं आणि नाव, बाप, गाव सगळं नीट म्हटलं.

गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "हे एकदा झालं."