कौसर मणियारची विचारपूस

सरळ सांगतो, कौसर मणियार मला डोळ्यांसमोर नको व्हायची. बाई वाईट होती म्हणून नव्हे. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं की.

मी गुरुशांत. सोलापुरातल्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं लॅबमध्ये आहे. एम.एस्सी. आहे, मराठी-इंग्रजी येतं, घरात कन्नड बोलतो. तीन वर्षांपूर्वी आमचा दवाखाना देशभरातल्या तीसेक दवाखान्यांच्या गटात गेला. एकट्या दवाखान्यात एका तऱ्हेचे पेशंट किती मिळणार? म्हणून सगळ्यांनी मिळून एकच ट्रायल करायची. नियम सगळीकडे सारखे, कागद सारखे. कुठल्या पेशंटला कुठलं औषध, ते डॉक्टरपण ठरवत नाहीत, लांबच्या शहरातला कॉम्प्युटर ठरवतो. आमची ट्रायल पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांची होती. काहींना घरी घ्यायच्या गोळ्या नेहमीच्या डोसानं, काहींना कमी डोसानं पण जास्त महिने. कुठलं बरं, ते हजारभर माणसांचं बघितल्यावर कळणार होतं.

ह्या सगळ्याची नोंद ठेवायला कोऑर्डिनेटर लागतो. ती खुर्ची माझीच, असं मी धरून चाललो होतो. बायकोला सांगून बसलो, नवी पेठेतून दोन शर्टपण आणले. आणि खुर्चीवर बसली बार्शीची कौसर. साधी बी.एस्सी. आई-बाप आठवडी बाजारात बांगड्या विकायचे, हीपण लहानपणी आईशेजारी बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायची. “आता बांगड्या भरणारी सायन्स करणार,” असं मी कॅन्टीनमध्ये म्हणालो. चार जण हसले. मला लई बरं वाटलं.

पण ते बरं वाटणं काही टिकलं नाही. कारण पेशंट तिच्यावर जीव टाकायला लागले. कुणी कडक भाकरी आणायचं, कुणी शेतातला हुरडा. लॅबमध्ये फोन आला की पहिला शब्द, “कौसरताई हायत का?” एकोणीस वर्षांत मला कुणी शेंगदाणापण दिला नव्हता. वर्षभरात गटाची ऑनलाइन मीटिंग झाली, तेव्हा मोठमोठ्या शहरांतल्या डॉक्टरांसमोर आमचं नाव घेतलं. सोलापूरचा एकही पेशंट मधूनच गायब झालेला नाही म्हणे. टाळ्या तिला. मी मागं उभा राहून चहाचे कप मोजत होतो.

मग एक दिवस गटाकडून विचारणा आली. सोलापूरच्या पेशंटांच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त का दिसतात? मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. आमच्या डॉक्टरांना गाठून म्हणालो, “सर, कौसर मॅडम विचारतातच तशा. भाकरी किती खाल्ली, सदऱ्याची गुंडी लावता येते का, बांगडी कोपराकडं किती सरकते. अशानं चांगल्या माणसाला दुखणं सापडेल.”  डॉक्टरांनी ऐकून घेतलं, एवढं मला पुरे होतं.

त्याच महिन्यात तिची आई बार्शीत पडली, कंबरेचं हाड मोडलं. कौसर आठ दिवस रजेवर गेली. जाताना माझ्या टेबलाशी आली.

“सर, ह्या अकरा जणांना फोन करायचाय. अर्धे अक्कलकोटकडचे आहेत. तुमचं कन्नड आहे, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त सांगतील.”

“बघतो,” म्हणालो. मला वाटलं, आला उंदीर मांजराच्या दारात.

अकरा फोन मी पाऊण तासात संपवले. तिला दोन दिवस लागायचे. कसे आहात विचारायचं, पुढं सरकायचं. अक्कलकोटच्या पलीकडची मल्लव्वा होती, साठीची. तिला आमच्या भाषेत विचारलं, “आराम अदीरी?” ती म्हणाली, “आराम री.” मी लिहिलं, काही तक्रार नाही. खाली सही ठोकली आणि अकराच्या अकरा कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. “बघा सर, मी विचारलं तर कुणालाच काही होत नाही.”

आता आमच्यात “आराम” म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज होती का? आमचा आजोबा शेवटच्या दिवशी, घशात घरघर लागलेली, दारात आलेल्या पाहुण्याला “आराम” म्हणाला होता. भेटलं की विचारायचं, विचारलं की म्हणायचं. त्याचा तब्येतीशी काही संबंध नसतो. मला हे पाळण्यापासून माहीत. पण मला उत्तर हवं होतं तेच मिळालं, मग खोदून कशाला विचारायचं?

कौसर सोमवारी परत आली. कागद चाळले, मल्लव्वाला फोन लावला. स्पीकर चालू होता, मी शेजारीच. तिचं कन्नड म्हणजे मोडकंतोडकं काम. पण तिनं कसे आहात असं विचारलंच नाही. बांगड्या कुठवर सरकतात, एवढंच विचारलं.

“काढून ठिवल्या ताई,” मल्लव्वा मराठीत म्हणाली. “हातातनं गळून पडत हुत्या.”

“कधीपासून?”

“सात-आठ दिस झाले. परसाकडं जाऊन जाऊन जीव ऱ्हायला न्हाय.”

“आणि गोळ्या?”

“घेतीया की. तुमीच म्हणला हुता, चुकवायच्या न्हाईत.”

जुलाब लागले तर त्या गोळ्या त्याच दिवशी बंद करायच्या, हा नियम तीसही दवाखान्यांत एकच. माझ्या फोननंतर मल्लव्वानं सहा दिवस गोळ्या घेतल्या होत्या. 

दुपारी सून तिला जीपमधून घेऊन आली. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, बीपी लागत नव्हतं. दोन्ही हातांना सलाईन. डॉक्टर म्हणाले, रात्र निघाली तर निघाली. मी वॉर्डच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. आत कौसर तिचे पाय चोळत बसली होती. खोटं कशाला बोलू, तेव्हापण मला हेवाच वाटला. तिला आत जायला तोंड होतं.

रात्र निघाली. सकाळी मल्लव्वाला लघवी झाली, तशी कौसर भिंतीला टेकून रडली.

मग कागद आला. ट्रायलमधला पेशंट असा दाखल झाला की चोवीस तासांत कळवावं लागतं, आणि दवाखान्याला आधी काय माहीत होतं त्याचा खुलासा पेशंटच्या फाईलमध्ये लिहावा लागतो. मला वाटलं, आता ही माझं नाव चव्हाट्यावर मांडणार. मीपण तेच केलं असतं. तिनं फाईल माझ्यापुढं सरकवली.

“तुम्ही लिहा सर. फोन तुमचा होता.”

मी लिहिलं: ‘दिनांक अमुक रोजी दूरध्वनीवर सविस्तर विचारणा झाली नाही.’ वाक्य मला बरं वाटलं. सरकारी, गुळगुळीत, कुणाच्याच अंगाला न लागणारं.

कौसरनं वाचलं. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही.

“कुणी केली नाही?” तिनं विचारलं.

ट्रायलच्या कागदावर खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी रेघ मारली. वर लिहिलं, ‘मी विचारलं नाही.’ बाजूला सही केली, तारीख टाकली आणि फाईल तिच्याकडं दिली.